पाठीचं दुखणं आणि कायरोप्रॅक्टिक : काय मिळतं, काय मिळत नाही

आपल्या आरोग्याच्या सदरात आज आपण पाठीबद्दल बोलणार आहोत. मी न्यू जर्सीत कायरोप्रॅक्टर म्हणून काम करते. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी उत्तर दिलं, की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "म्हणजे ते मान मोडणारे ना?" दुसरा, "ते खरे डॉक्टर असतात का हो?" आणि तिसरा, जरा बाजूला नेऊन, आवाज खाली आणून, "माझी कंबर बघता का जरा? फार नाही, दोनच मिनिटं."

दोन मिनिटांत कंबर बघता येत नाही. पण हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून आज त्यांची नीट उत्तरं देते. माझ्या व्यवसायाचा मला अभिमान आहे. त्याच्या नावावर जे वाट्टेल ते विकलं जातं, त्याचा मला रागही येतो. दोन्ही गोष्टी तुमच्यासमोर ठेवते. तुमच्या घरात कोणाची पाठ धरली, तर काय करायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता यावं, एवढाच हेतू.

आधी थोडं आपल्या घरचं. पाठीत उसण भरली की पूर्वी गावात पायाळू माणसाला शोधून आणायचे. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने कमरेला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत होती. हाड सरकलं, मुरगळलं तर हाडवैद्य. सूज आली तर निर्गुडीच्या पाल्याचा शेक. आणि मान अवघडली तर केस कापता कापता न्हाव्याने दिलेला झटका. तेव्हा हाताने किंवा पायाने पाठ "बसवणं" ही कल्पना आपल्याला मुळीच परकी नाही. जगात जवळपास प्रत्येक समाजात अशी माणसं होती. अमेरिकेत त्या परंपरेतून जे उभं राहिलं, त्याला पुढे शाळा, परीक्षा, परवाना आणि विमा जोडला गेला.

त्याची सुरुवात झाली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात, १८९५ साली. डॅनियल डेव्हिड पामर हा मूळचा कॅनडाचा. आधी किराणा दुकान चालवलेला आणि नंतर चुंबकीय उपचार करणारा माणूस. त्याच्या इमारतीत साफसफाईचं काम करणाऱ्या हार्वी लिलार्ड यांना अनेक वर्षं ऐकू येत नव्हतं. पामरने त्यांच्या पाठीतला एक उंचवटा दाबून सरळ केला आणि त्यांना ऐकू येऊ लागलं, असं पामरने सांगितलं. त्यावरून त्याने सिद्धान्त मांडला की मणके जागेवरून हलले की नसा दबतात आणि बहुतेक सगळे रोग तिथूनच निर्माण होतात. त्याच्याकडे उपचार घेणाऱ्या सॅम्युएल वीड या पाद्र्याने ग्रीक शब्द जोडून नाव सुचवलं, "कायरोप्रॅक्टिक". अर्थ साधा आहे, हातांनी केलेलं काम.

आता मी या व्यवसायातली असूनही सांगते : लिलार्ड यांच्या बाबतीत पामरने दिलेलं कारण आज टिकत नाही. ऐकण्याची नस कवटीच्या आतूनच थेट मेंदूकडे जाते. ती पाठीच्या कण्यातून जात नाही. आणि "सगळे रोग मणक्यातून" हे म्हणणं तर साफ चुकीचं ठरलं आहे. तरीही त्या काळी लोक पामरकडे रांगा लावून का येत होते, हे समजून घ्यायला हवं. त्या काळातले बाकीचे उपचारही फारसे सुरक्षित नव्हते, आणि पाठदुखीच्या माणसाला हात लावून, वेळ देऊन तपासणारं कोणी नव्हतं. पामरच्या सिद्धान्तात खोट होती. त्याच्याकडे येणाऱ्यांच्या पाठी मात्र खरोखर दुखत होत्या.

पुढची वाट सोपी नव्हती. १९०६ साली परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल पामर स्वतः तुरुंगात गेला. १९१३ मध्ये कॅन्सस राज्याने कायरोप्रॅक्टरांना परवाना देणारा पहिला कायदा केला. सगळ्यात शेवटी आलं लुइझियाना, १९७४ साली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तर कित्येक वर्षं आपल्या डॉक्टरांना आमच्याशी व्यावसायिक संबंध ठेवणंच गैर ठरवलं होतं. त्याविरुद्ध काही कायरोप्रॅक्टर १९७६ मध्ये कोर्टात गेले आणि १९८७ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. मात्र तो खटला स्पर्धाविरोधी वागणुकीचा होता. कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे की नाही, याचा निवाडा त्या कोर्टाने केला नाही. आमच्यातले काहीजण त्या निकालाचा तसा अर्थ सांगतात. तसा तो नाही.

तर "खरे डॉक्टर असतात का?" याचं उत्तर असं. इथे कॉलेजातले विज्ञानाचे विषय झाल्यावर साधारण चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो, त्यात शरीररचना, रोगनिदान, एक्स-रे वाचणं हे सगळं येतं. मग राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षा, मग राज्याचा परवाना. पदवी "डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक". आम्ही एमडी नाही. शस्त्रक्रिया करत नाही, आणि बहुतेक राज्यांत औषधं लिहून देऊ शकत नाही. ब्रिटनमधून ऐकणाऱ्यांसाठी : तुमच्याकडे १९९४ च्या कायद्याने जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेता येत नाही. ही नोंदणी ऑनलाइन तपासता येते. अमेरिकेत राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवर परवाना तपासता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, ते आधी करा.

आता पाठीकडे वळू. लहानपणी आपल्या कण्यात ३३ मणके असतात. त्यातले खालचे नंतर एकमेकांना जुळून जातात आणि हलणारे उरतात २४ : मानेत ७, छातीच्या मागे १२, कमरेत ५. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. बाहेरून चिवट कडं आणि आत मऊसर भाग. मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, ते मणक्यांना किती आणि कुठे वळायचं ते ठरवून देतात. या सगळ्याभोवती स्नायू आणि अस्थिबंध असतात, आणि मधून मज्जारज्जू आणि नसा जातात.

आपल्याकडे दोन वाक्यं फार ऐकू येतात. एक, "मणक्यात गॅप पडलाय." दुसरं, "गादी सरकलीय." माणूस हे वाक्य घेऊन घाबरत जगतो. खाली वाकायचं नाही, नातवाला उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. खरं म्हणजे वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, तिची उंची कमी होते, आणि दोन मणक्यांतलं अंतर घटतं. म्हणजे "गॅप" पडत नाही, उलट कमी होतो. आणि गादी साबणाच्या वडीसारखी सटकून बाहेर जात नाही. ती दोन्ही मणक्यांना घट्ट धरून असते. तिचा एखादा भाग फुगतो किंवा बाहेर येतो. तो नसेवर आला तर पायात कळ जाते. त्यातल्याही बऱ्याच जणांना शस्त्रक्रियेशिवाय बरं वाटतं.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. काही त्रास नसलेल्या लोकांच्या! पांढरे केस कसे वयाने येतात, तसंच हे. म्हणून रिपोर्टमध्ये "डिजनरेशन" शब्द दिसला की आयुष्य संपलं असं समजू नका. स्कॅन माणसाशी ताडून वाचायचा असतो.

मग तो "कट्" आवाज कसला? लहानपणी आजी दृष्ट काढताना आपल्या कानशिलाशी बोटं मोडायची, आठवतंय? तोच आवाज. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग झटकन वेगळे केले की आतला दाब एकदम कमी होतो आणि वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडताना एमआरआय घेऊन ही पोकळी तयार होताना दाखवली. म्हणजे "हाड जागेवर बसलं" असा त्या आवाजाचा अर्थ नाही. आवाज आला नाही तरी उपचार होतो, आणि आवाज आला म्हणून काही साधलंच असंही नाही. फोनवर व्हिडिओ येतात ना, मायक्रोफोन लावून कडाकड आवाज काढणारे? ते बघून उपचाराचा दर्जा ठरवू नका.

मग आमच्या हातांनी नेमकं होतं काय? आम्ही ज्याला ॲडजस्टमेंट म्हणतो, त्यात एखाद्या सांध्याला ठरावीक दिशेने अगदी छोटा, झटपट दाब देतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी वेळ. त्याने अवघडलेला भाग थोडा मोकळा हलू लागतो, आजूबाजूचे आखडलेले स्नायू काही काळ सैल पडतात, आणि मेंदूपर्यंत जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांवर परिणाम होतो. हा परिणाम बहुधा तात्पुरता असतो. पण त्या तात्पुरत्या वेळात माणूस उठतो, चालतो, रात्री झोपतो. माझ्या मते सगळी मौज तिथे आहे. मी दार किलकिलं करते. बाहेर चालत जायचं काम तुमचं.

पुरावा काय सांगतो? २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात २६ चाचण्यांचा आढावा आला. ताज्या कंबरदुखीत, म्हणजे सहा आठवड्यांच्या आतल्या, हाताने केलेल्या या उपचाराने सरासरी शंभरात दहा गुणांइतका फरक पडला. चमत्कार म्हणावा एवढा हा फरक नाही, आणि अगदी शून्यही नाही. त्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितलं की कंबरदुखीत आधी औषधाविना उपचार करून बघा : शेक, मसाज, ॲक्युपंक्चर, मणक्यांचे हस्तोपचार. दीर्घकाळच्या दुखण्यात व्यायाम, योग वगैरे. ब्रिटनमधल्या नाइस संस्थेची सूचना आणखी स्पष्ट आहे : हस्तोपचार द्या, पण व्यायामाची जोड असेल तरच. म्हणजे नुसतं टेबलावर पालथं पडून येण्याला अर्थ नाही.

आणि जे मिळत नाही ते स्पष्ट सांगते. कायरोप्रॅक्टिकने मधुमेह बरा होत नाही. रक्तदाबाची गोळी बंद करता येत नाही. दमा, थायरॉइड, मुलांचा कानाचा संसर्ग, ऑटिझम, यातलं काहीही मणका दाबून जात नाही. तान्ह्या बाळाच्या पोटदुखीसाठी त्याची पाठ "बसवायला" मी हात लावत नाही, पालकांना बालरोगतज्ज्ञाकडे पाठवते. कोणी लसीकरणाबद्दल शंका पेरू लागलं, तर तिथून उठा. ते आमचं क्षेत्रच नव्हे.

आता धोक्याचं. पहिल्या उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणं, थकवा येणं हे बरंच आढळतं, त्याची भीती नको. गंभीर धोके दुर्मिळ आहेत, पण आहेत. सगळ्यात महत्त्वाचा मानेचा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडली, तर पक्षाघात होऊ शकतो. मानेच्या झटक्यानंतर असं झाल्याच्या नोंदी आहेत. यातली गुंतागुंत अशी की अशी चीर आधीच पडलेली असताना माणसाला मानदुखी आणि डोकेदुखी होते, आणि तो तिच्यासाठीच आमच्याकडे येतो. म्हणून अचानक उद्भवलेली, आजवर कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी किंवा मानदुखी, त्यासोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, चेहरा किंवा हात सुन्न होणं, यातलं काही असेल तर माझ्याकडे येऊ नका. ९११ ला फोन करा, ब्रिटनमध्ये ९९९ ला. आणि सुट्टीत भारतात गेलात, तर केस कापून झाल्यावर "साहेब, मान करू का?" असं विचारलं, तर हसून नको म्हणा. डोक्याला तेल लावून घ्या हवं तर.

कमरेच्या बाबतीतही काही खुणा पाठ करून ठेवा. लघवी होत नाही किंवा कळतच नाही, शौचावर ताबा राहत नाही, मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय, दोन्ही पायांतली ताकद जातेय : ही तातडीची वेळ आहे, सकाळपर्यंत थांबायचं नाही. ताप आणि पाठदुखी एकत्र, कारणाशिवाय वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, रात्री पडून राहिलं तरी न थांबणारं दुखणं, किंवा साठीनंतर साधंसं पडल्यावर सुरू झालेली पाठदुखी, या सगळ्यांत आधी डॉक्टरांची तपासणी. आणि पाठीच्या वरच्या भागात दाटून दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, तर ते हृदयाचं असू शकतं.

इथे मला तुमच्या घरातल्या एका गोष्टीबद्दल बोलायचंय. आपले आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. त्यांचा प्रवासी विमा असतो, त्यात जुनी दुखणी बहुधा धरलेली नसतात. हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून ती माणसं दुखणं लपवतात. "काही नाही गं, जरा चमक भरलीय, होईल कमी." मुलांना खर्च नको, सुट्टी घ्यायला लागू नये, एवढाच विचार. माझ्याकडे एक काकू अशाच आल्या होत्या. बाथटबमधून बाहेर येताना पाय घसरून दणकन बसल्या होत्या, त्याला पाच दिवस झालेले. मुलाने सांगितलं, "जरा मसल पुल झालाय, ॲडजस्ट करून द्या." मी मराठीत विचारलं, "काकू, कसं दुखतंय?" त्या म्हणाल्या, "कुशीवर वळलं की कळ येते, श्वास अडकतो. आणि खोकलं की जीव जातो." हाडावर अलगद बोट ठेवलं तरी त्या दचकत होत्या. मी उपचार केला नाही. एक्स-रे करायला पाठवलं. मणक्याला दबल्यासारखं फ्रॅक्चर होतं, हाडं ठिसूळ झालेली. त्या दिवशी मी तिथे हाताने झटका दिला असता, तर काय झालं असतं याची कल्पना करा. चांगल्या कायरोप्रॅक्टरची ओळख हीच आहे : तो कधी हात लावत नाही, ते बघा.

यातून दुसरी गोष्ट, भाषेची. इथे विचारतात, "एक ते दहा, किती दुखतं?" आपली आई काय सांगणार? "पाच." पण मराठीत ती म्हणते ठणकतंय, तर मला जखम किंवा सूज आठवते. मुंग्या येतात, बधिर झालंय, चमक मारते म्हटलं की मी नसेचा विचार करते. अवघडलंय, आखडलंय म्हणजे स्नायू आणि सांधे. कळ कुठून निघून कुठवर जाते, हे ती हाताने दाखवते. या शब्दांवरून निदान होत नाही, पण पुढे काय तपासायचं ते समजतं. मुलगा किंवा सून मधे बसून भाषांतर करते, तेव्हा या सगळ्याचं एकच होतं : "शी हॅज बॅक पेन." आणि आणखी एक. लघवीवरचा ताबा, मांड्यांमधला बधिरपणा, हे आई मुलासमोर कधीच बोलणार नाही. नेमकं तेच विचारणं सगळ्यात गरजेचं असतं. म्हणून लक्षात ठेवा : अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या इस्पितळांना रुग्णासाठी दुभाषी विनामूल्य द्यावा लागतो. "मराठी इंटरप्रीटर" असं स्पष्ट मागा, फोनवर मिळतो. आणि तेवढा वेळ तुम्ही खोलीबाहेर थांबा. आईचा मान आणि कदाचित तिचे पाय, दोन्ही त्याने वाचतील.

आता या कामाचे मणक्यापलीकडचे फायदे. मी "इम्युनिटी वाढते" वगैरे म्हणणार नाही. मला रोज दिसतं ते सांगते. पाठ दुखायला लागली की माणूस आधी चालणं सोडतो. मग झोप जाते. मग चिडचिड. मग वजन वाढतं, साखर वर जाते, देवळात जाणं, मित्रांकडे जाणं बंद होतं. वेदनाशामक गोळ्या रोजच्या होतात, त्याने पोट आणि मूत्रपिंडं बिघडतात. दुखणं थोडं आटोक्यात आलं, की हीच साखळी उलटी फिरते. चालणं सुरू, झोप बरी, गोळ्या कमी. या देशाने अफूजन्य वेदनाशामकांमुळे किती घरं उद्ध्वस्त झालेली पाहिली आहेत. औषधाविना थोडं जरी दुखणं कमी होत असेल, तर त्याची किंमत मोठी आहे.

दुसरा फायदा, भीती जाते. कोणी अर्धा तास बसून सगळं ऐकतं, तपासतं आणि सांगतं, "तुमचा कणा मजबूत आहे, वाकायला घाबरू नका", यानेच कित्येकांचं अर्धं दुखणं हलकं होतं. हे फक्त कायरोप्रॅक्टरच करू शकतो असं नाही. चांगला फिजिओथेरपिस्ट, चांगला फॅमिली डॉक्टर हेच करतो. तुम्हाला जो जवळ आहे, परवडतो आणि तुमचं ऐकतो, त्याच्याकडे जा.

कोणाकडे जायचं ते कसं ठरवावं? पहिल्या भेटीत नीट इतिहास विचारला का, प्रतिक्षिप्त क्रिया आणि ताकद तपासली का, हे बघा. प्रत्येकाचा सरसकट एक्स-रे काढला जात असेल तर कारण विचारा. वर्षभराच्या भेटींचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्यायला सांगत असतील, "आज सवलत आहे" म्हणत असतील, तर घरी येऊन विचार करा. साध्या कंबरदुखीत चार-सहा भेटींत काही फरक दिसायला हवा. नाही दिसला, तर मार्ग बदलायचा. मानेचा झटका नको असेल तर "नको" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सावकाश, हलक्या हाताने करायच्या पद्धती असतात. आणि पैशांचं : मेडिकेअर पार्ट बी मणक्यांच्या हस्तोपचाराचा खर्च देतं, पण कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचा किंवा मसाजचा देत नाही. खाजगी विम्यात भेटींची मर्यादा असते, आधी फोन करून विचारा.

शेवटी, आपल्या माणसांच्या पाठी ज्या कारणांनी धरतात, त्यांचं थोडं.

विमानतळावरचा पट्टा. लाडू-चकल्यांनी भरलेली २३ किलोची बॅग एका हाताने, कंबर पिळवटून ओढू नका. तोंड बॅगेकडे करा, जवळ जा, दोन्ही हातांनी उचला, आणि वळताना पाय फिरवा. इतक्या तासांच्या प्रवासानंतर पाठ आधीच आखडलेली असते.

बर्फ. फावडं भरून मागे फेकू नका. शक्य तितकं ढकला, थोडं थोडं उचला. घरातून थेट बाहेर न जाता आधी पाच मिनिटं चालून अंग गरम करा. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे काम करूच नये.

घरून काम. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आठ तास मान खाली. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवा, कीबोर्ड वेगळा घ्या. पण सगळ्यात चांगली बसण्याची पद्धत कोणती असं विचाराल, तर पुढची. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, दोन फेऱ्या मारा.

ढोलताशा. उन्हाळ्यात पार्किंग लॉटमध्ये सराव सुरू होतो आणि ऑगस्टपासून माझ्याकडे ढोलवाले येऊ लागतात. वर्षभर खुर्चीत बसून एकदम कमरेला ढोल बांधला तर कंबर बोलणारच. दोन महिने आधीपासून चालणं, बैठका, पोटाचे व्यायाम सुरू करा. पट्टा कमरेवर नीट, घट्ट बांधा. अदलाबदल करून वाजवा.

आणि आजी-आजोबांनी नातवंडं उचलताना : आधी खाली बसा, बाळाला छातीशी घ्या, मग उठा. ते होत नसेल तर सोफ्यावर बसा आणि बाळाला तुमच्याकडे चढून येऊ द्या. त्यालाही तेच जास्त आवडतं.

रोजच्यासाठी मी तीन गोष्टी सांगते. वीस ते तीस मिनिटं चालणं. सकाळी चार-पाच वेळा मार्जारासन, म्हणजे हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली करणं. आणि झेपेल तेवढं मांडी घालून जमिनीवर बसणं-उठणं. आपल्या लोकांनी इथे येऊन पाट आणि चटई सोडली. उठबस करण्याचा तो व्यायाम आपल्याला फुकट मिळत होता.

मंडळी, या आठवड्यात घरी एक काम करा. आईला, बाबांना, सासूबाईंना निवांत विचारा, "तुमचं काही दुखतंय का? खरं सांगा." आणि त्यांनी "काही नाही" म्हटलं, तर लगेच सोडून देऊ नका. कुठे, कसं, कधीपासून, रात्री झोप लागते का, हे त्यांच्याच शब्दांत ऐका. ते शब्द लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना घेऊन जा.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे रेडिओकडे पाठवा, पुढच्या भागात त्यांची उत्तरं देऊ. तोवर चालत राहा, काळजी घ्या. नमस्कार!